पारा आणि श्रमव्यवस्था : अल्मादेन, इद्रिया व वांकावेलिका येथील खाणींचा तौलनिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यवसायजन्य रोगांचा इतिहास लिहिताना साधारणतः एक ठरावीक क्रम गृहीत धरला जातो. प्रथम अज्ञान, मग वैद्यकीय शोध, शोधानंतर कायदा आणि कायद्यानंतर कामगाराचे संरक्षण, असा तो क्रम होय. या मांडणीत मागील शतकांतील मृत्यूंचा दोष अज्ञानाच्या माथी जातो, आणि ज्ञानाची वाढ हीच मुक्तीची वाट ठरते. कित्येक रोगांच्या बाबतीत ही मांडणी बऱ्याच अंशी खरी असेलही. पाऱ्याच्या खाणींचा इतिहास मात्र तिच्याशी जुळत नाही. पाऱ्याचे विष माणसाच्या शरीरात कसे भिनते याचे रासायनिक स्पष्टीकरण आधुनिक आहे. परंतु ते भिनते, त्याने हात कापतात, दात हलतात, बुद्धी भ्रमते आणि माणूस अकाली मरतो, हे ज्ञान फार जुने आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकांत जगातील तीन मोठ्या पारदखाणी तीन निरनिराळ्या श्रमव्यवस्थांखाली चालल्या. धातू एकच, विषही एकच. तरी त्या विषाचा भार कोणी आणि किती वाहावयाचा याचे उत्तर तिन्ही ठिकाणी वेगळे मिळाले. हा फरक कशामुळे पडला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. विषाची क्रिया आणि जुने ज्ञान

पारा खाणीतून निघतो तो मुख्यत्वे हिंगुळाच्या, म्हणजे पारा व गंधक यांच्या लाल संयुगाच्या रूपात. हिंगूळ स्वतः फारसा विद्राव्य नाही. म्हणून तो तुलनेने कमी घातक असतो. तो भट्टीत भाजला म्हणजे गंधक जळून जातो आणि पाऱ्याची वाफ सुटते. ती थंड करून द्रवरूप पारा मिळवितात. खरा धोका या वाफेत आहे. तिला रंग नाही, वास नाही. पारा 357 अंश सेल्सियसला उकळत असला तरी साध्या तापमानालाही त्याची थोडीथोडी वाफ होतच असते. म्हणून ज्या खाणीत मोकळ्या पाऱ्याचे थेंब खडकातून झिरपतात तेथे भट्टीपासून दूर असलेला खाणकामगारही सुरक्षित नसतो. गिळलेला द्रवरूप पारा आतड्यांतून अत्यल्प प्रमाणात शोषला जातो. उलट श्वासावाटे आत गेलेल्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के शरीरात राहते. रक्तातून ती मेंदूपर्यंत व गर्भवतीच्या वारेतून गर्भापर्यंत पोचते. पेशींत तिचे रूपांतर झाले की ती तेथेच अडकते, आणि शरीरातून तिचे उत्सर्जन अतिशय सावकाश होते. दीर्घकाळ वाफ घेतलेल्या माणसात तीन लक्षणे ठळकपणे दिसतात: हातापायांचा कंप, हिरड्यांचा दाह व अतिरिक्त लाळ, आणि भित्रेपणा, चिडखोरपणा, विस्मृती, निद्रानाश यांनी युक्त असा मनोविकार.

यांतील कार्यकारणाची साखळी अलीकडची असली तरी लक्षणांची ओळख जुनीच आहे. पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने स्पेनमधील सिसापो येथून रोमला येणाऱ्या हिंगुळाचे वर्णन केले आहे. हिंगूळ कुटणारे कामगार घातक धूळ टाळण्यासाठी तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचा सैल पडदा बांधीत, असे तो सांगतो. सिसापोचा हा प्रदेश म्हणजेच पुढील काळातील अल्मादेनचा परिसर. 1556 मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणशास्त्रावरील ग्रंथात ॲग्रिकोलाने पारा गाळणाऱ्यांनी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे असे सुचविले. वाफेने दात सैल होतात हे त्याचे कारण. पॅरासेल्ससचा खाणकामगारांच्या रोगांवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1567 मध्ये, छापला गेला. त्याचा एक भाग सर्वस्वी पाऱ्याच्या रोगांना वाहिलेला आहे. 1700 साली रामाझ्झिनीने कारागिरांच्या रोगांवरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात खाणकामगार, सोन्याचा मुलामा देणारे व आरसे बनविणारे यांना एकाच विषाचे बळी म्हणून एकत्र आणले.

एक गुंतागुंत मात्र लक्षात घेतली पाहिजे. सोळाव्या शतकापासून पारा हे उपदंशावरील प्रमुख औषध होते, आणि रुग्णाला भरपूर लाळ सुटणे हे औषध लागू पडल्याचे चिन्ह समजले जाई. जे लक्षण खाणीत रोगाचे, तेच रुग्णशय्येवर उपचाराचे ठरत होते. त्यामुळे पाऱ्याविषयीच्या वैद्यकीय मतात एक द्विधा कायम राहिली. तथापि ही द्विधा मात्रेसंबंधी होती. खाणीतला पारा माणसाला मारतो याविषयी तिन्ही ठिकाणच्या वैद्यांत व अधिकाऱ्यांत मतभेद आढळत नाही.

३. चांदी आणि पारा

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाऱ्याला मागणी मर्यादित होती. 1550 च्या दशकाच्या मध्यास बार्तोलोमे दे मेदिना याने मेक्सिकोतील पाचुका येथे चांदी काढण्याची पारदमिश्रणाची पद्धती मोठ्या प्रमाणावर यशस्वी केली, आणि परिस्थिती पालटली. दळलेले खनिज, मीठ, ताम्रयुक्त द्रव्य व पारा एकत्र मळून आठवडेच्या आठवडे ठेवावयाचे, तयार झालेले मिश्रण धुऊन तापवावयाचे आणि पारा उडवून चांदी मिळवावयाची, अशी ही रीत होती. तिच्यामुळे हलक्या प्रतीच्या खनिजातूनही चांदी काढणे परवडू लागले. परंतु प्रत्येक खेपेस बराच पारा नष्ट होई. मिळणाऱ्या चांदीच्या वजनाहून अधिक वजनाचा पारा खर्ची पडे.

याचा राजकीय अर्थ स्पेनच्या राजसत्तेने ताबडतोब ओळखला. चांदीच्या खाणी अनेकांच्या हाती होत्या, पारा मात्र मोजक्याच ठिकाणी निघत होता. पाऱ्याचा व्यापार राजाच्या मक्त्याखाली आणला की चांदीच्या उत्पादनाचे नियंत्रण हाती येत होते. कोणी किती पारा उचलला यावरून त्याने किती चांदी काढली असावी याचा अंदाज बांधता येई, आणि राजाच्या पाचव्या हिश्श्याची चोरी पकडणे सोपे होई. अल्मादेनचा पारा मुख्यतः मेक्सिकोकडे आणि वांकावेलिकाचा पेरूकडे जाई; तूट पडली म्हणजे इद्रियाचा पाराही स्पेनचा राजा विकत घेई. अशा रीतीने तिन्ही खाणी एकाच अर्थव्यवस्थेच्या सूत्रात ओवल्या गेल्या. पाऱ्याचा पुरवठा खंडित होणे म्हणजे राजकोश रिता होणे, हे समीकरण पुढील सर्व निर्णयांच्या मुळाशी आहे.

४. अल्मादेन : शिक्षेचे श्रम

अल्मादेनची खाण 1525 पासून जर्मनीतील फुगर या सावकारी घराण्याकडे खंडाने गेली आणि काही खंड सोडता 1645 पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पाऱ्याची मागणी वाढली तेव्हा मजूर मिळेनात. तेथील काम घातक असल्याची कीर्ती त्या भागात पसरलेलीच होती. यावर उपाय म्हणून, ठरावीक भावाने राजाला पारा पुरविण्याच्या मोबदल्यात, गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेले काही कैदी 1566 च्या सुमारास खाणीकडे वळविण्यात आले. कैद्यांची संख्या प्रारंभी तीसेक होती. मोकळे मजूर आणि उत्तर आफ्रिकेतील गुलाम त्यांच्या जोडीला असत.

कैद्यांच्या हालांच्या वार्ता दरबारी पोचल्यावर 1593 मध्ये गुप्त चौकशीसाठी मातेओ आलेमान याला धाडण्यात आले. पुढे 1599 मध्ये ‘गुस्मान दे आल्फाराचे’ या कादंबरीचा पहिला भाग लिहून कीर्तिमान झालेला लेखक तो हाच. त्याने कैद्यांच्या जबान्या प्रत्यक्ष घेतल्या. खाणीतील पाणी रात्रंदिवस उपसणे, ठरलेली मोजणी न भरल्यास फटके, भट्टी पुरती थंड होण्यापूर्वीच आत शिरून भांडी बाहेर काढण्याची सक्ती, भट्टीजवळच्या माणसांना जडलेला कंप व वेड, या सर्वांची हकीकत या जबान्यांत आली आहे. 1566 ते 1593 या काळातील नोंदींवरून सुमारे चौथा हिस्सा कैदी शिक्षेची मुदत संपण्यापूर्वी मरण पावले असे दिसते. न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. काही वर्षांच्या श्रमाची शिक्षा पाऱ्याच्या योगे अनेकांच्या बाबतीत मृत्युदंडात परिवर्तित झाली.

चौकशी झाली, पण व्यवस्था बदलली नाही. कैद्यांचा उपयोग पुढे दोन शतके, अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, चालू राहिला. 1750 च्या दशकात तर त्यांच्यासाठी नवा तुरुंगच बांधण्यात आला. याच काळात दुसरी एक घटना घडली. खाणीची जाण असलेले मोकळे कामगार टिकवून धरणे आवश्यक झाल्याने त्यांना लष्करी नोकरीतून सूट मिळाली, त्यांच्या पाळ्या आखूड झाल्या, आणि 1755 ते 1773 या काळात त्यांच्यासाठी सान राफाएल हे रुग्णालय उभे राहिले. खाणीचा वैद्य होसे पारेस इ फ्रांकेस याने 1778 मध्ये अल्मादेनच्या रोगांवर विस्तृत ग्रंथ रचला. तो दीर्घकाळ हस्तलिखितच राहिला. एकाच खाणीत ज्याची उणीव भासेल अशा कामगारासाठी रुग्णालय आणि ज्याची भरपाई न्यायालय करून देईल अशा कैद्यासाठी तुरुंग, अशी ही दुहेरी रचना होती. दोघांच्या शरीरातील विष एकच होते.

५. इद्रिया : कुशल कामगाराची किंमत

आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया येथे 1490 मध्ये पारा सापडला. पुढे ही खाण हॅब्सबर्ग राजसत्तेच्या ताब्यात आली. येथील खडकात हिंगुळाबरोबर मोकळा पाराही असल्याने वाफेचा त्रास खाणीच्या आतही मोठा होता. 1665 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात वॉल्टर पोप या प्रवाशाचे या भागातील खाणींविषयीचे पत्र छापले गेले. जेमतेम सहा महिने काम केलेल्या एका माणसाच्या शरीरात पारा इतका मुरला होता की त्याने बोटांनी चोळलेले पितळ पांढरे होई, असे त्यात म्हटले आहे. तेथील कामगार लवकर वा उशिरा पंगू होऊन मरतात, हेही पोपने नोंदविले आहे.

त्याच 1665 साली कंपाने ग्रस्त झालेल्या इद्रियातील खाणकामगारांची कामाची मुदत दिवसाला 6 तासांवर आणण्यात आली. व्यवसायजन्य रोगाच्या आधारे कामाचे तास घटविणारा हा सर्वांत जुन्या नियमांपैकी एक होय, असे मानले जाते. 1754 मध्ये जोव्हान्नी आंतोनिओ स्कोपोली याची खाणवैद्य म्हणून नेमणूक झाली. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ख्याती पावलेल्या या वैद्याने 1761 मध्ये इद्रियाच्या पाऱ्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात कामगारांच्या रोगांचे पद्धतशीर निरीक्षण मांडले.

इद्रियाला आदर्श ठरविण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. तासांचे बंधन आले तरी कंप नाहीसा झाला नाही. 1803 मध्ये खाणीला लागलेल्या आगीत उठलेल्या वाफांनी आसपासच्या शेकडो लोकांना बाधा झाली. राजसत्तेची कळकळही निव्वळ भूतदयेतून उपजलेली नव्हती. अरुंद दरीतील या एकाकी गावी कुशल खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून होते. ते मेले किंवा निघून गेले तर त्यांच्या जागी सक्तीने आणण्याजोगी माणसे उपलब्ध नव्हती. कामगार वाचविणे हे येथे खाण वाचविण्याचेच दुसरे नाव होते.

६. वांकावेलिका : जिंकलेल्यांचे श्रम

अँडीज पर्वतात सुमारे 3,700 मीटर उंचीवर वसलेल्या वांकावेलिकाजवळील हिंगूळ स्थानिक लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक होता. ते त्याचा रंगद्रव्य म्हणून उपयोग करीत. सरोवरांच्या गाळाच्या अलीकडील परीक्षणावरून तेथील खाणकामाचा प्रारंभ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात झाला असावा असे दिसते. स्पॅनिश लोकांना ही खाण 1563-64 मध्ये कळली. व्हाइसरॉय फ्रांसिस्को दे तोलेदो (कारकीर्द 1569 ते 1581) याने ती राजाच्या मालकीची केली आणि पोतोसीच्या चांदीच्या डोंगराशी तिची सांगड घातली. हा दोन डोंगरांचा विवाह आहे, या आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

या विवाहाचा खर्च ‘मिता’ या पद्धतीने भागविला गेला. इंका राज्यात मिता ही पाळीपाळीने द्यावयाच्या सामुदायिक श्रमाची प्रथा होती आणि तिला परस्पर देवघेवीचा काही आधार होता. तोलेदोने नाव तेच ठेवले, आशय पालटला. ठरवून दिलेल्या प्रांतांतील गावांनी आपल्या प्रौढ पुरुषांपैकी साधारण सातवा हिस्सा पाळीने खाणींवर धाडावयाचा होता. मजुरी ठरलेली होती, पण ती प्रवासाच्या व निर्वाहाच्या खर्चालाही पुरेशी नसे. खाणीच्या आत हिंगुळाची धूळ, वाळूच्या खडकाची धूळ, कोंडलेली हवा आणि कोसळणारी छपरे. बाहेर भट्ट्यांची वाफ, अशी कामाची परिस्थिती होती.

राज्यकर्ते याविषयी अनभिज्ञ नव्हते. 1604 मध्ये भूमिगत काम थांबवून उघड्या खणीतून हिंगूळ काढण्याचा प्रयत्न झाला. उत्पादन घटताच तो सोडून देण्यात आला. 1616 ते 1619 या काळात वांकावेलिकाचा कारभार पाहणारा हुआन दे सोलोर्सानो पेरेइरा हा विख्यात कायदेपंडित. पारा कामगारांच्या हाडांच्या मगजापर्यंत शिरतो, त्यांना कंप सुटतो आणि त्यांतील बहुतेक चार वर्षांहून अधिक जगत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. सक्तीच्या खाणश्रमाच्या वैधतेचा ऊहापोह त्याच्या ग्रंथांत विस्ताराने आढळतो. तरीही मिता चालूच राहिली.

येथे बेलेनच्या बोगद्याचा वृत्तान्त विशेष बोलका आहे. डोंगराच्या कुशीतून आडवा बोगदा खणून खाणीत हवा खेळवावी आणि खनिज बाहेर आणणे सोपे करावे, ही योजना सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हाती घेण्यात आली. बोगदा पूर्ण झाला तो 1642 मध्ये. तो झाल्यावर खाणीतील हवा सुधारली व मृत्यूंचे प्रमाण उतरले, असे या विषयाच्या अभ्यासकांचे मत आहे. याचा अर्थ असा की संकट काही अंशी निवारता येण्याजोगे होते आणि उपायही माहीत होता. त्या उपायास तीन दशकांहून अधिक काळ लागला. कारण बोगद्याला पैसा लागत होता, आणि माणसे मितातून मिळत होती.

गावांनी याला आपल्या परीने उत्तर दिले. काहींनी पैसे भरून बदली माणूस दिला आणि त्यापायी गुरे-जमिनी विकल्या. असंख्य कुटुंबे आपले मूळ गाव सोडून जेथे मिता लागू नव्हती तेथे परकी म्हणून राहू लागली. मागे राहिलेल्यांवरचा बोजा त्यामुळे अधिकच वाढला. 1786 मध्ये खाणीचा मोठा भाग कोसळला. 1812 मध्ये कादिसच्या संसदेने मिता रद्द केली.

७. साधनांविषयी

या विषयाच्या अभ्यासकाने साधनांची मर्यादा ओळखली पाहिजे. अल्मादेनच्या कैद्यांचा आवाज 1593 च्या जबान्यांतून ऐकू येतो, तोही प्रश्नकर्त्याच्या भाषेत. इद्रियाची माहिती मुख्यतः वैद्य व प्रवासी यांच्याकडून मिळते. वांकावेलिकाच्या कामगारांनी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच नाही. त्यांच्याविषयी अधिकारी, धर्मोपदेशक, खाणमालक व गावप्रमुख यांनी लिहिले, आणि प्रत्येकाचा काही हेतू होता. मितावर टीका करणाऱ्यांपैकी काहींना ते मजूर स्वतःच्या शेतांवर हवे होते; मृत्यूंची संख्या कमी दाखविण्यात मालकांचे हित होते. शिवाय त्या पर्वतात मृत्यूला पारा हे एकच कारण नव्हते. सिलिकाची धूळ, देवी-गोवराच्या साथी, थंडी आणि अपघात यांचा वाटा वेगळा काढणे कठीण आहे. म्हणून पाऱ्याने नेमकी किती माणसे मारली हा आकडा सांगण्याचा अट्टहास इतिहासकाराने धरू नये. निरनिराळे हितसंबंध असलेले साक्षीदार कंप, लाळ व बुद्धिभ्रंश या तीन लक्षणांबाबत मात्र एकमुखाने बोलतात. ही तिन्ही एकत्र दिसणे हे पाऱ्याच्या विषबाधेचे खास लक्षण असल्याने त्यांच्या साक्षीचे मोल अबाधित राहते.

८. उपसंहार

मिताचा परिणाम तिच्याबरोबर संपला नाही. मिता लागू असलेल्या व नसलेल्या लगतच्या जिल्ह्यांची तुलना करून मेलिसा डेल यांनी 2010 मध्ये दाखवून दिले की जुन्या मिता-प्रदेशातील कुटुंबांचा उपभोग आजही सुमारे 25 टक्क्यांनी कमी आहे आणि तेथील मुलांत खुरटेपणाचे प्रमाण अधिक आहे. वांकावेलिका गावात तर कित्येक घरांच्या कच्च्या विटांतच पारा आहे; भट्ट्यांच्या वाफेने दूषित झालेली माती त्या विटांसाठी वापरली गेली. अल्मादेन व इद्रिया येथील खाणकाम विसाव्या-एकविसाव्या शतकांच्या संधिकाळी थांबले आणि 2012 मध्ये दोन्ही स्थळांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 2013 मध्ये स्वीकृत झालेल्या व 2017 मध्ये अंमलात आलेल्या मिनामाता कराराने पाऱ्याच्या नव्या खाणींना मनाई केली. तरीही पाऱ्याच्या मानवनिर्मित उत्सर्जनाचा सर्वांत मोठा स्रोत आज छोट्या प्रमाणावरील सोन्याच्या खाणी हा आहे. तेथील गरीब मजूर उघड्या विस्तवावर पारदमिश्रण तापवितो. त्याची कृती पोतोसीच्या कृतीहून मूलतः भिन्न नाही.

तिन्ही खाणींच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष असा. संरक्षण कोणाला मिळाले हे वैद्यकाच्या प्रगतीवरून ठरले नाही. कामगार मेल्यास त्याची जागा भरून काढण्यास मालकाला किती खर्च पडतो, यावरून ते ठरले. इद्रियात हा खर्च मोठा होता, म्हणून तास घटले. अल्मादेनमध्ये तो मोकळ्या कामगारापुरताच मोठा होता, म्हणून रुग्णालय त्याच्या वाट्यास आले. वांकावेलिकात तो खर्च गावांवर ढकलता येत होता, म्हणून बोगदा रखडला. व्यवसायजन्य रोगांचा इतिहास अभ्यासताना रोग केव्हा ओळखला गेला हा प्रश्न आवश्यक आहेच. परंतु ओळखलेल्या रोगाची किंमत कोणाकडून वसूल केली गेली, या प्रश्नाशिवाय तो अपुरा राहतो. वैद्यकाच्या ग्रंथांइतकेच खंडाचे करार, शिक्षेचे हुकूम आणि मिताच्या याद्या हेही या इतिहासाचे मूलभूत साधन आहे, ते यामुळेच.